पियानोच्या मास्टरक्लासला मूल पाठवताना

प्रश्न कुडाळच्या एका आईचा आहे. मुलगी अकरा वर्षांची. आजोबा भजनी बुवा, त्यांच्या पेटीवर हिची सुरुवात झाली. आता कीबोर्डवर पाश्चात्त्य पद्धतीने शिकते आणि ग्रेड ३ ची परीक्षा दिली आहे. दिवाळीनंतर पणजीत एक कॉन्सर्ट पियानिस्ट मुलांसाठी मास्टरक्लास घेणार आहेत, त्यात हिचं नाव लागलंय. बाईंनी बेथोवनचं ‘फ्यूर एलीझ’ बसवायला घेतलंय. घरी खरा पियानो नाही. काय तयारी करायची, सगळ्यांसमोर चुका काढल्या तर पोर खचेल का, आणि मुळात वीस मिनिटांत असं काय शिकवून होतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. वीस मिनिटांत कुणी कुणाला पियानो शिकवू शकत नाही. हाताची ठेवण, बोटांतलं बळ, नोटेशन वाचायचा सराव ही सगळी रोजच्या बाईंची कामं. मास्टरक्लासमध्ये होतं ते एवढंच : मूल एक तुकडा पूर्ण वाजवतं, कलाकार ऐकतो आणि म्हणतो, “आता हीच ओळ अशी वाजवून बघ.” मूल वाजवून बघतं. दोन्हींतला फरक मुलाच्या स्वतःच्या कानाला कळला की काम झालं. त्यामुळे तुकडा नुसता पक्का करून आणू नका. सांगितल्यावर जागच्या जागी बदलता येईल, असा आणा.

या दोन तयारींत केवढा फरक असतो ते वर्गात लगेच दिसतं. घोटून घोटून पाठ केलेलं मूल पहिल्यांदा छान वाजवतं. मग मी म्हणते, “दुसऱ्या पानावरच्या तिसऱ्या ओळीपासून घे.” मूल डोळे मिटतं, बोटं मांडीवर हलायला लागतात, आणि ते मनातल्या मनात पहिल्यापासून सुरू करून तिथवर पोचायचा प्रयत्न करतं. एसटीत झोपून कणकवली ते पणजी केल्यासारखं असतं ते. प्रवास झालेला असतो, मधलं एकही गाव पाहिलेलं नसतं. अशा मुलाला मी काही सांगितलं तरी त्याच्या हातांना ते ऐकू जात नाही.

म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत रोज पूर्ण तुकडा दहादा वाजवण्याऐवजी तो मोडायचा. बारना, म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधल्या भागांना, पेन्सिलीने नंबर घाला आणि तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडा, “सतरा!” तिने सतराव्या बारपासून सुरू करायचं. डावा हात एकटा, तोही न बघता वाजवता आला पाहिजे. बहुतेक मुलांचा इथेच खोळंबा होतो. एकदा निम्म्या लयीत वाजवायचं, एकदा अगदी हळू आवाजात, एकदा डावा हात मोठा आणि उजवा दबका. हे शेवटचं कोणत्याही रचनेत विचित्रच ऐकू येईल, येऊ द्या. हेतू एवढाच की दोन हातांचे आवाज वेगवेगळे ठेवता येतात हे हातांना कळावं. आणि लाईट गेली की कीबोर्ड बंद. तेव्हा कागद समोर घेऊन गाऊन बघायचं. संगीतकार बाखने १७२३ मध्ये आपल्या ‘इन्व्हेन्शन्स’ या सरावाच्या छोट्या रचनांच्या मुखपृष्ठावर त्यांचे जे उपयोग लिहिले, त्यांत गायल्यासारखं वाजवण्याची शैली हाताला यावी, हाही एक होता. गाणं हे पियानोवाल्यांनी रागदारीवाल्यांकडून उसनं आणलेलं नाही.

आता ‘फ्यूर एलीझ’. रचना १८१० मधली, पण छापली गेली १८६७ मध्ये, म्हणजे बेथोवन जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. मूळ हस्तलिखित आज हाती नाही, त्यामुळे वेगवेगळ्या आवृत्त्यांत सातव्या बारमधला एक सूर कुठे ई तर कुठे डी छापलेला सापडेल. तिच्या पुस्तकात काय आहे ते बघून ठेवा, म्हणजे समोरून तो विषय निघाला तर ती गोंधळणार नाही. सुरुवातीचा ओळखीचा भाग ग्रेड ३ च्या मुलीला जमतो. पण पुढे एफ मेजरमधला भाग येतो, त्यात उजव्या हाताला बारीक धावते सूर आहेत. त्यानंतर डाव्या हातात तोच ए ठोके देत राहणारा काळोखा भाग येतो. इथे बरीच मुलं पहिलं पान राजासारखी वाजवतात आणि उरलेली पानं कशीबशी ओढून नेतात.

तिचा अर्धाच झाला असेल, तर बाईंशी बोलून मी संगीतकार क्लेमेंतीची सोनाटिना, म्हणजे एक छोटी रचना, सुचवेन. ओपस ३६ मधली पहिली, १७९७ ची, तिची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग. सोपी म्हणून नाकं मुरडली जातात, पण शिकवायला ती सोन्याची खाण आहे. सी मेजरमध्ये खुली, हसरी सुरुवात. मध्ये तीच धून सी मायनरमध्ये, दबक्या आवाजात. आणि मूळ धून परत येते ती एक सप्तक खाली. परत आलेली धून जशीच्या तशी वाजवायची, की खालच्या सप्तकात तिचा आवाज वेगळा ठेवायचा? या एका प्रश्नावर अर्धा तास जाऊ शकतो, आणि अकरा वर्षांच्या मुलीला त्यावर स्वतःचं मत असू शकतं. मास्टरक्लासला असा तुकडा हवा, ज्यात बोटांची चिंता संपलेली आहे आणि प्रश्न उरलेले आहेत.

तरीही ‘फ्यूर एलीझ’च न्यायचं ठरलं, तर तिच्या पेटीच्या पार्श्वभूमीचा एक फायदा आहे आणि एक धोका, आणि दोन्ही पहिल्याच ओळीत आहेत.

फायदा असा. पेटीवर पांढरी सहाचा सा धरायला सांगा आणि सुरुवातीची धून सरगममध्ये गाऊन घ्या : प म प म प रे म ग सा. यातले पहिले दोन म तीव्र, पुढचा म शुद्ध, ग कोमल. नऊ सुरांत दोन्ही मध्यम! आजोबांच्या नातीला यातली गंमत दोन मिनिटांत कळेल. तीव्र म पंचमाला किती चिकटून राहतो आणि शुद्ध म आला की धून कशी खाली उतरायला लागते, हे ज्याच्या कानाला कळलं त्याला ‘इथे थोडं मागे राहा’ वगैरे सांगावं लागत नाही. सुरुवातीला बेथोवनची सूचना पीपी आहे, म्हणजे अगदी हळुवार. मुलं ते ठणठणीत वाजवतात, कारण धून ओळखीची असते आणि ओळखीचं माणूस जोरात म्हणतं.

धोका तालाचा. लिहिलंय तीन-आठ, म्हणजे एका बारमध्ये सहा सेमीक्वेव्हर, सहा सारखे छोटे सूर. भजनात वाढलेला कान सहा ऐकतो आणि झटकन दादऱ्यात शिरतो : धा धी ना, धा ती ना, तीन अधिक तीन. इथे मात्र विभागणी दोन, दोन, दोन अशी आहे. पंचाईत अशी की दुसऱ्या पूर्ण बारमध्ये डावा हात ए-ई-ए असे तीन सूर वाजवतो आणि लगेच उजवा सी-ई-ए असे तीन. म्हणजे रचनाच दादऱ्याचं आमिष दाखवते. मग चौथ्या सुरावर, उजव्या हाताच्या सी वर, न मागितलेला ठोका पडतो आणि अख्खा तुकडा लंगडायला लागतो. उपाय तोंडाने मोजायचा : एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि. ‘दोन’ डाव्या हाताच्या तिसऱ्या सुरावर येतो आणि उजवा हात ‘आणि’वर आत शिरतो. हे एकदा हातात बसलं की तुकडा तरंगायला लागतो. पुढे ई एका सप्तकातून दुसऱ्यात उड्या मारत वर जातो आणि नंतर डी शार्प-ईची ये-जा लांबते, तिथेही मोजा. त्या जागी एखादी ये-जा कमी किंवा जास्त होणं हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते बरोबर वाजलं तर मान वर करून बघते.

पेडलबद्दल, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पायाखालच्या पट्टीबद्दल, थोडक्यात : डाव्या हाताच्या पहिल्या ए वर दाबायचं आणि बार संपताना सोडायचं. ई-डी शार्पच्या ये-जामध्ये पेडल दाबून ठेवलं तर चिखल होतो. घरच्या कीबोर्डवर तो चिखल ऐकू येत नाही, हॉलमधल्या पियानोवर येतो.

पेटी आणि पियानो यांतलं खरं अंतर आवाजातच आहे, म्हणून यावर जरा थांबते. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. आवाज लहानमोठा करतो तो भाता. शिवाय पट्टी दाबून ठेवली तोवर सूर तसाच राहतो. पियानोचं सगळंच उलटं. पट्टी सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते, आणि ती तळाला टेकायच्या किंचित आधीच हातोडी सुटून तारेवर जाते. म्हणजे आवाज किती मोठा हे पट्टी किती वेगाने खाली गेली यावर ठरतं. नंतर कितीही दाबत बसलात तरी काही बदलत नाही. पेटीवाल्या मुलांची बोटं पट्टीच्या तळाशी रुतून बसतात ती यामुळे. त्याने मनगट आखडतं आणि पुढचा सूर उशिरा येतो. आणि पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. दोन सूर जोडायचे तर पुढचा सूर आधीच्याच्या उरलेल्या आवाजाशी जुळवून ठेवावा लागतो, नाहीतर प्रत्येक सूर वेगळा टोचतो. हे कानाचं काम आहे, आणि मास्टरक्लासमधला बराचसा वेळ यावरच जातो.

हातपेटीवर डावा हात भात्याला जुंपलेला असतो, म्हणून तो मागे राहतो हे उघड आहे. (दशावतारातल्या पायपेटीवर दोन्ही हात मोकळे असतात, त्या मंडळींचा डावा हात बघण्यासारखा असतो.) पण पेटीने एक चांगली सवयही दिलेली असते : काळ्या पट्ट्यांची भीती नसते. काळी एक, काळी पाच यात वाजवणाऱ्या मुलाला पाच शार्प बघून घाम फुटत नाही. पियानोचा संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना स्केल शिकवताना सी मेजरऐवजी बी मेजरपासून सुरुवात करायचा, कारण लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर सहज बसतात. तुमच्या मुलीला बी मेजर वाजवायला सांगा. ती सी मेजरपेक्षा चांगली वाजवली तर मला नवल वाटणार नाही.

तेव्हा पहिलं व्यावहारिक काम : मास्टरक्लासच्या आधी तिला खऱ्या पियानोवर दोन-तीनदा बसवा. गोव्यात तारांचे पियानो असलेल्या शाळा, चर्च आणि घरं अजून आहेत, कुणाच्या तरी ओळखीने एखादा तास मिळतो. बाईंच्या ओळखीतून विचारा. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवरून थेट मोठ्या ग्रँड पियानोवर बसलेल्या मुलाचे निम्मे सूर वाजतच नाहीत आणि उरलेले दणकतात. पियानोची पट्टी खाली जायला साधारण पन्नास ग्रॅम वजन मागते. बोटांना ते आधी माहीत असलेलं बरं. घरी पुढे काही घ्यायचंच असेल तर वजनदार पट्ट्यांचा अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. जुना तारांचा पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून कोकणातल्या घरात आणू नका. त्याला चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपासची स्थिर आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने काय असतं ते तुम्हीच बघता. लाकूड फुगतं, साउंडबोर्ड वर येतो, सूर चढतो, पट्ट्या अडकतात; खाऱ्या हवेत तारा गंजतात, फेल्ट किडे खातात. ट्यूनर मुंबईहून किंवा गोव्याहून येईपर्यंत गणपती येऊन जातात.

बसण्याचं बघा. स्टूलची उंची अशी हवी की कोपरं साधारण पट्ट्यांच्या पातळीला येतील. तेवढ्या उंचीवर अकरा वर्षांच्या मुलीचे पाय कधी कधी जमिनीला नीट टेकत नाहीत, आणि पाय लोंबकळले की पाठ ताठरते. घरातला जेवायचा पाट गाडीत टाका. हसू येईल, पण मी हे गंभीरपणे सांगते आहे. पेडल असेल तिथे पाट डाव्या पायाखाली. नखं आदल्या दिवशी कापा, मास्टरक्लासच्या सकाळी नाही. नोटेशनच्या दोन प्रती न्या, एक कलाकारासाठी, आणि तिच्यातही बारचे नंबर घातलेले असू द्या.

चुका काढण्याबद्दल. काढतील, त्यासाठीच तर जायचं. पण मूल चुकांनी खचत नाही. आपण चुकलो म्हणून आईचा चेहरा उतरला, हे बघून खचतं. पहिल्या रांगेत बसू नका. वाजवताना अडखळली तर तिने माफी मागायची नाही, मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही, पुढे जायचं. हे घरी ठरवून ठेवा. आणि तिला हेही सांगून ठेवा की “मला कळलं नाही, परत वाजवून दाखवाल का?” असं विचारायला हरकत नसते. आपली मुलं मोठ्यांसमोर मान डोलावतात आणि काहीच न समजता परत येतात. हा संस्कार तेवढा वीस मिनिटांपुरता बाजूला ठेवू द्या.

काही कलाकार मुलाला शिकवण्यापेक्षा हॉलला शिकवतात, हे खरं आहे. विनोद होतात, टाळ्या मिळतात, आणि पोर स्टूलवर हात मांडीत घेऊन बसलेली असते. तसं झालंच तर परतीच्या वाटेवर त्या माणसाची बाजू मांडत बसू नका. “त्यांनी तुला फार वाजवू दिलं नाही” एवढं म्हटलंत तरी तिला पुरेल.

सगळ्यांसमोर शिकवण्याची ही पद्धत रुळली ती फ्रान्झ लिस्ट या पियानिस्टमुळे. १८६९ पासून १८८६ मध्ये मरेपर्यंत तो दर वर्षी काही महिने जर्मनीतल्या वायमारला असायचा. विद्यार्थी आपापले कागद आणून ठेवायचे, तो त्यातला एखादा उचलायचा, आणि ज्याचा असेल त्याने बाकीच्यांसमोर वाजवायचं. फी घ्यायचा नाही. बोटांच्या प्राथमिक तक्रारींत त्याला रस नव्हता. ते घरी करून या, असाच त्याचा खाक्या होता. ज्याची पाळी नसेल तो ऐकत बसायचा, आणि त्या ऐकण्यावर पुढच्या पिढीतले अनेक पियानिस्ट घडले.

म्हणून तुमची मुलगी वाजवून झाली की लगेच पत्रादेवीचा नाका गाठू नका. अंधार पडेल, पडू द्या. तिथे तिला दोन प्रकारची मुलं ऐकायला मिळतील. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. मुंबईच्या सिनेमांतले वाद्यवृंद ज्या गोवेकरांनी भरले होते, ते याच परंपरेतून आले. तिथल्या कित्येक घरांत मूल कागद वाचूनच वाद्याला हात लावतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची मुलं बहुधा कानाने येतात. ऐकलेलं चटकन उचलतात आणि कागद समोर ठेवला की गप्प होतात. तुमची मुलगी कोणत्या बाजूची आहे ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या बाजूचं मूल त्याच तुकड्याशी कसं झगडतं हे बघणं तिला स्वतःच्या वीस मिनिटांइतकंच उपयोगी पडेल. इतरांची पाळी चालू असताना तिच्या हातात त्यांच्या तुकड्याचा कागद असला तर फारच छान.

रेकॉर्डिंग करू का, हे आयोजकांना आधी विचारा. परवानगी मिळाली नाही तरी फार बिघडत नाही. घरी पोचायच्या आत, गाडीतच, तिला तिच्या शब्दांत तीन-चार वाक्यं लिहायला सांगा. तुम्ही लिहू नका. तुम्हाला महत्त्वाचं वाटलेलं आणि तिला ऐकू आलेलं हे बहुतेक वेळा निराळं असतं, आणि उपयोगी तिचंच.

एक अडचण हमखास येते. पाहुण्या कलाकाराने एखाद्या जागी वेगळं फिंगरिंग, म्हणजे कोणत्या सुराला कोणतं बोट, सांगितलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी घरी दोन मतं होतात. बाईंना “त्यांनी असं सांगितलं” म्हणून तोंडावर फेकू नका. मुलीने बाईंना दोन्ही वाजवून दाखवावं आणि विचारावं, कोणतं ठेवू. कलाकाराचा हात मोठा असतो, तो आपल्या हाताच्या मापाने सांगून जातो. अकरा वर्षांच्या हाताचं माप बाईंना माहीत असतं. फिंगरिंगच्या बाबतीत बाईंचं ऐका. सुराच्या, आवाजाच्या, वाक्य कुठे संपतं याच्या बाबतीत पाहुण्याने सांगितलेलं महिनाभर करून बघा, आणि मग मुलीलाच ठरवू दे.